गिरणीचा चन्नवीर

भालकीहून उदगीरला जाणारी बस ज्या गावात अर्धी रिकामी होते, त्या गावात पोराला नाव ठेवताना कुणी फार डोकं खाजवत नाही. मठातल्या जुन्या स्वामींचं नाव चन्नवीर. जत्रेच्या आगेमागे पाळणा हलला की आत्या बाळाच्या कानात तेच नाव सांगते आणि मोकळी होते. पुढे पोराला मिशी फुटली की त्याचा चन्नप्पा होतो आणि मगच ते नाव दुसऱ्या पोराला मोकळं होतं, त्यामुळे एरवी गोंधळ होत नाही. गोंधळ झाला तो एकाच वर्षी. त्या जत्रेला दोन घरांत पाळणे हलले. एक घर शरणप्पाचं, ज्याची बायको उमादेवी गावच्या सरकारी मराठी शाळेत टीचर आहे. दुसरं ईरण्णाचं, ज्याची वेशीजवळ पिठाची गिरणी आहे. माघार कुणीच घेतली नाही. शेवटी गावानेच तोड काढली. एक टीचरचा चन्नवीर आणि दुसरा गिरणीचा चन्नवीर. खेळताना पोरं मात्र नुसतं चन्नवीर म्हणत आणि दोघंही वळून बघत, कारण दोघं कायम एकाच ठिकाणी सापडत.

यंदा कारहुणवीला, ज्येष्ठातल्या बैलांच्या सणाला, टीचरचा चन्नवीर तळ्यात बुडाला.

बैल धुवायला गेला होता. सगळीच पोरं गेली होती, दरवर्षी जातात. वेशीतून कुणीतरी बोंबलत आलं, "चन्नवीर बुडाला! चन्नवीर बुडाला!" कुठला, ते ओरडणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. दोन घरांतून दोन बाया धावत सुटल्या. उमादेवीचे हात पुरणाने माखलेले, ईरण्णाची बायको मल्लव्वा अनवाणी. वाटेत कुठेतरी दोघींनी एकमेकींचा हात धरला. दोघी एकच नाव घेऊन ओरडत होत्या. तळ्याच्या बांधावर चढल्या तर गिरणीचा चन्नवीर ओल्या चड्डीवर कुडकुडत उभा. मल्लव्वाने त्याला छातीशी धरलं आणि ती हसली. भान सुटल्यासारखी खदखदून हसली. मग तिचं लक्ष शेजारी गेलं. त्या दिवसापासून मल्लव्वा उमादेवीच्या समोर आलेली नाही. टीचर रस्त्याने येताना दिसल्या की ती गिरणीच्या आत सरकते.

महिन्याभराने उमादेवी शाळेत परत आली. घरी बसून काय करणार? शरणप्पा दिवसभर शेतात असायचा. पोराला त्याच शेताच्या कोपऱ्यात माती दिली होती, आणि तो कामाच्या नावाखाली तिथेच बसून राहतो हे तिला कळत होतं. शाळेत निदान पोरं होती. सातवीचा वर्ग तिचाच. तिचं पोरगंही यंदा त्याच वर्गात बसणार होतं.

परत आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती फळ्यावर गणित लिहीत असताना मागून हरिओम म्हणाला, "ए चन्नवीर, पट्टी दे की."

ती गर्रकन वळली. चेहऱ्यावर काय होतं ते तिला दिसलं नाही, पण सगळ्या वर्गाला दिसलं. मग तिचं तिलाच कळलं आणि ती खुर्चीवर बसली. खडू हातात तसाच. शेजारच्या कन्नडच्या तासाचा आवाज ऐकू यायला लागला.

त्या दिवसापासून ते नाव वर्गातून गेलं. कुणी ठरवलं, कुणी सांगितलं, कळायला मार्ग नाही. हेडमास्तर शिवशंकरप्पांनी पोरांना दम दिला असेल, घरोघरच्या आयांनी बजावलं असेल. गिरणीच्या चन्नवीरला पोरं "ए अकरा नंबर" म्हणायला लागली. उमादेवीनेही हजेरी नावाने घ्यायची सोडली आणि आकड्याने घ्यायला लागली. एकट्या अकराला आकडा आणि बाकीच्यांना नाव, हे दिसायला बरं दिसलं नसतं, म्हणून सगळ्या वर्गालाच आकडे. आपण काय करतोय हे तिला पुरतं माहीत होतं. पण सकाळी सकाळी ते नाव आपल्याच तोंडाने घ्यायचं आणि "हजर" दुसऱ्याच गळ्यातून यायचं, हे तिला झेपणार नव्हतं. गावाने दया केली आणि तिने ती निमूट घेतली, एवढी साधी गोष्ट.

आता शनिवारच्या तासाचं.

सातवीतल्या पोरींचं लिहिण्याबाबत काही म्हणणं नव्हतं. मंजुश्रीला तर पानं पुरत नसत. रडगाणं होतं ते पोरांचं. निबंध म्हटला की त्यांच्या पोटात दुखायचं. 'माझा आवडता सण' लिहायला सांगितला, तर मागच्या दोन्ही रांगांतून एकच निबंध आला. गाईडातला. "सणाच्या दिवशी आम्ही समुद्रकिनारी फिरायला जातो," असं सुनीलकुमारने सुद्धा लिहिलं होतं. सुनीलकुमारने कारंजा धरणापलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं. उमादेवी ती पानं तपासत होती आणि लाल पेन चालवता चालवता तिला एकदम शिसारी आली. ही पोरं मधल्या सुट्टीत अशी बोलतात की ऐकत राहावं, आणि कागद पुढे आला की मुकी होतात. दुसऱ्याच कुणाचा तरी सण लिहून देतात.

शनिवारी सकाळच्या शाळेचा शेवटचा तास तिने मोकळा ठेवला.

"आजपासून ह्या तासाला तुमचं तुम्ही लिहायचं," ती म्हणाली. "विषय मी देणार न्हाई. चुका काढणार न्हाई. लाल पेन घरी ठिवून आलेय."

पोरांनी संशयाने बघितलं. शिक्षकाने अचानक चांगुलपणा दाखवला की पोरांना आधी भीतीच वाटते.

"टीचर, कशावर बी?" हरिओमने विचारलं.

"कशावर बी."

"शिव्या बी चालतील?"

"ज्याला दिल्यास त्याचं नाव लिव्हायचं न्हाई, मंग चालंल."

वर्ग हसला, पण त्या शनिवारी ओळी चार-दोनच आल्या. पुढच्या शनिवारी मात्र पोरं सुटली. हरिओमने त्याच्या शेळीबद्दल लिहिलं. ती फक्त आजीच्याच हातून पाला खाते आणि आजी आजारी पडली तेव्हा तिने अख्खा दिवस तोंड फिरवून ठेवलं होतं. सुनीलकुमारने कुठला कंडक्टर हाफ तिकीट देतो आणि कुठला दाताकडे बघून फुल मागतो, यावर लिहिलं आणि शेवटी दोन कंडक्टरांना नापास केलं. एकाने साखर कारखान्याच्या रांगेत रात्रभर ट्रॅक्टरवर झोपल्याचं लिहिलं. शुद्धलेखनाचा पार चुथडा होता. पण उमादेवी ते वाचून हसली. घरी हसली, एकटी, स्वयंपाकघरात. कारहुणवीनंतर पहिल्यांदा हसली आणि हसल्याबद्दल लगेच तिला कसंतरी झालं. तरी पुढच्या शनिवारची वाट ती बघायला लागली. पोरंही बघत होती. शुक्रवारीच विचारायची, "टीचर, उद्या तास हाय नव्हं?"

एक पोरगं मात्र कोरा कागद द्यायचं. अकरा नंबर.

हा पूर्वी वर्गातला सगळ्यात बडबड्या. दोघं चन्नवीर मिळून तास बंद पाडायचे. आता तो कागदावर तारीख घालायचा, समास आखायचा आणि खिडकीतून बाहेर बघत बसायचा.

"कामून लिहीना गेलास?" तिने एकदा त्याच्या बाकाशी जाऊन विचारलं.

"काय न्हाई टीचर. सुचंना."

"गिरणीवर लिही की. रोज बसतूस तिथं."

त्याने मान वर केली. "तुमीच विषय दिलाव की टीचर. मंग मोकळा तास कसला?"

तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. पोरगं खरं बोललं होतं. ती पुढच्या बाकाकडे गेली आणि त्याचा तो कोरा कागदही इतरांच्या कागदांसोबत घरी घेऊन आली.

त्याच आठवड्यात शिवशंकरप्पांनी तिला ऑफिसात बोलावलं. हेडमास्तर वाईट माणूस नव्हे. पण कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध असतं, रजिस्टर. त्यांनी एक अर्ज पुढे सरकवला. ईरण्णाने दिला होता. मुलाचं नाव चन्नवीर बदलून किरणकुमार करावं.

"आत्ता शाळेच्या पातळीवर होऊन जातंय," हेडमास्तर म्हणाले. "पुढं हायस्कूलला गेल्यावर लई खेपा. वर्गशिक्षक म्हणून तुमची सही लागते. महिनाअखेरीला यादी वर जाणार हाय, त्याच्या आत करून टाका. तुमालाच बरं पडंल टीचर. त्यांनी तुमच्यासाठीच केलंय."

उमादेवीला एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला सांगायचं? आकड्यांची कसरत संपेल, कुणी विसरून हाक मारेल ही धास्ती संपेल. "ठिवा, करते सही," ती म्हणाली. तेवढ्यात घंटा झाली आणि अर्ज टेबलावरच राहिला.

पुढच्या शनिवारी अकरा नंबरने कागद घेण्याआधी विचारलं, "टीचर, कशावर बी लिवू? खरंच?"

"खरंच."

"चिडणार न्हाई?"

"न्हाई म्हटलं की."

त्याने तासभर मान वर केली नाही. घंटा झाली तरी लिहीत होता. पोरं दप्तरं उचलून दारात ताटकळली. त्याने कागद आणून तिच्या हातात दिला आणि तिथेच उभा राहिला. बाकीचे नेहमी कागद टाकून पळायचे. हा उभा राहिला म्हणून तिने तिथल्या तिथे वाचला.

"माझे नाव. मला एक नाव होते. आता घरी मला बाळ्या म्हणतात, शाळेत अकरा नंबर म्हणतात, कबड्डीत ए तू म्हणतात. पुढच्या महिन्यात माझे नाव किरणकुमार होणार आहे. किरणकुमार कोण आहे मला माहीत नाही. माझे नाव माझे एकट्याचे नव्हते. आमच्या दोघात एक होते. एकदा टीचरने संध्याकाळी जेवायला हाक मारली तर तो घरात नव्हता, तळ्याकडे होता. मी आलो म्हणालो आणि जाऊन जेवून आलो. शेंगाची चटणी होती. तो आल्यावर त्याला चटणी उरली नाही. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तळ्यात तो बुडाला. मी बुडालो नाही. मी वर आहे. तरी मला कोणी हाक मारत नाही. नाव बदलून तो परत येणार असेल तर बदला. मी काही म्हणणार नाही."

तिने कागद दोनदा वाचला. ती संध्याकाळ तिला आठवत होती. हाकेला "आलो!" असं उत्तर आलं होतं, ती न बघताच ताट वाढायला आत गेली होती आणि बाहेर येऊन बघते तर पाटावर हे. किती हसली होती ती. आता छातीत काहीतरी उसळलं आणि ते बाहेर पडताना फार थंड होऊन पडलं.

"हे लिव्हायला तुला कुणी सांगितलं?"

पोराचा चेहरा उतरला. "तुमीच," तो म्हणाला.

ती कागद मुठीत धरून वर्गाबाहेर गेली. दारात उभ्या पोरांनी बाजू दिली. आपण दिलेला शब्द सगळ्या वर्गासमोर मोडला, हे तिला ऑफिसच्या पायरीशी पोचल्यावर उमगलं. परत मात्र फिरली नाही.

व्हायचं ते झालं. पुढच्या शनिवारी पोरांनी कागद घेतले आणि सगळ्या पोरांनी मिळून 'पावसाळा' लिहिला. पावसाळ्यात निसर्ग हिरवा शालू नेसतो. हरिओमनेही तेच लिहिलं. तिने त्याला विचारलं, "शेळीचं काय झालं रे?" तो म्हणाला, "बरी हाय टीचर," आणि खाली बघितलं. कुणी भांडलं नाही, कुणी तोंड वर करून बोललं नाही. पोरांनी नुसतं दार लावून घेतलं. अकरा नंबर त्या दिवशी आलाच नव्हता.

सोमवारी ईरण्णा त्याला दंडाला धरून ऑफिसात घेऊन आला. गोष्ट गावभर झाली होती. पोराचा एक गाल सुजलेला होता.

"कान धर," ईरण्णा म्हणाला. "धर म्हणतो ना! टीचर, माफ करा. ह्या नालायकाला अक्कल न्हाई. काय लिवावं, कुणाला लिवावं, कळंना. लई मारलाय त्याला."

"कामून मारलंत?" तिच्या तोंडून निघालं.

"मारू नको तर काय करू? तुमच्या जखमेवर मीठ चोळतंय ते." ईरण्णाचा आवाज फाटला. "टीचर, ही अजून झोपत न्हाई. मल्लव्वा. म्हणती, मी त्या दिवशी हसले. उमाक्काचं पोरगं पाण्यात असताना मी हसले. तिनंच नाव बदलायला लावलंय. म्हणती, ते नाव आता त्यांचं हाय, आपण ठिवून घेतलं तर चोरी केल्यासारखं हुतंय. तेवढी सही करा. आमाला बी सुटल्यासारखं हुईल."

हेडमास्तरांनी पेनचं टोपण काढून पेन पुढे केलं. पोरगं दोन्ही हातांनी कान धरून उभं होतं. ते उमादेवीकडे बघत नव्हतं, अर्जाकडे बघत होतं.

"उद्या करते," ती म्हणाली.

"टीचर, परवा यादी जाणार हाय," हेडमास्तर म्हणाले.

"म्हणून तर उद्या म्हणाले."

संध्याकाळी शरणप्पा शेतातून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. तिने त्याला सगळं सांगितलं. तो भाकरी कुस्करत राहिला.

"करून टाक सही," तो म्हणाला. "मला बी ते नाव कानावर नको. परवा मठासमोर कुणीतरी स्वामींच्या नावानं जयजयकार केला, तर मी रस्ता बदलला. असं किती रस्ते बदलायचे?"

"अहो, पण मंग त्याचं नाव कोण घेणार?"

"कुणाचं?"

"आपल्या पोराचं. तुमी घेत न्हाई. मी घेत न्हाई. घरात फोटो लावलाय त्याच्याखाली बी नाव न्हाई. त्या पोराचं बी काढलं तर मंग राहिलं काय गावात?"

शरणप्पा ताट अर्धं ठेवून उठला आणि बाहेर जाऊन बसला. उमादेवी भांडी घासता घासता ते नाव घेऊन बघायला लागली. ओठ हलले, आवाज फुटला नाही. शेवटचं घेतलं होतं ते तळ्याच्या बांधावर, घसा बसेपर्यंत. त्या ओरडण्याला उत्तर आलं नव्हतं. घसा तेव्हापासून त्या नावाला घाबरला होता. तिला पोराचा राग आला, ईरण्णाचा आला, मल्लव्वाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. कशावर बी लिहा म्हणायचं, आणि एका पोराने खरंच जे मनात होतं ते लिहिलं तर त्याचा गाल सुजवायचा. पोरांना लिहायला शिकवणारी ही टीचर!

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी तिने ज्वारीचा डबा भरला. कारहुणवीपासून तिच्या घरचं दळण शेजारच्या वाडीवर जात होतं. शरणप्पा सायकलवर तेवढं लांब घेऊन जायचा आणि दोघंही त्याबद्दल बोलत नसत. आज तिने डबा काखेत घेतला आणि ती वेशीकडे निघाली. कट्ट्यावर बसलेल्यांनी बोलणं थांबवून तिच्याकडे बघितलं. बघू देत.

गिरणी चालू होती. मोठा पट्टा फटफटत होता, पत्र्याचं छप्पर थरथरत होतं, पांढरी धूळ दारापर्यंत आली होती. सकाळची गर्दी, पाच-सात बाया डबे घेऊन उभ्या. मल्लव्वा दारातच पीठ मोजून देत होती. तिने टीचरना पाहिलं आणि तिच्या हातातलं मापटं तसंच राहिलं. आत सरकायला जागा नव्हती, मागे पट्टा होता. तिने पदर तोंडावर ओढला.

पोरगं आत होतं. शाळेआधी बापाला मदत करायला थांबायचं. पाटावर चढून पत्र्याच्या तोंडात दाणे ओतत होतं, पाठ दाराकडे. गिरणीच्या आवाजात कुणाशी बोलायचं तर ओरडावंच लागतं, ते तिला माहीत होतं. पुढे होऊन त्याच्या खांद्याला हात लावता आला असता. मल्लव्वाला सांगता आलं असतं. घरून निघताना तिने तेच ठरवलं होतं.

तिने डबा खाली ठेवला.

"चन्नवीर!"

आवाज चिरकला, दारातच पडला. रांगेतल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. तिने श्वास घेतला आणि मग संध्याकाळी जेवायला बोलवायची तिची जी हाक होती, तळ्यापर्यंत जाणारी, 'वी' लांबवलेली, ती मारली.

"चन्नवीऽऽर!"

"आलो!"

पोराने न बघताच उत्तर दिलं होतं. सवयीने दिलं होतं. मग त्याचं त्यालाच कळलं आणि दाण्यांचं भांडं हातात धरून तो तसाच गोठला. ईरण्णाने आतून खटका ओढला. पट्टा हळू होत होत थांबला आणि छपरावरच्या चिमण्या ऐकू आल्या.

पोरगं पाटावरून उतरून बाहेर आलं. केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरं, एका गालावरची सूज पिठातूनही दिसत होती. त्या पांढऱ्या तोंडावर क्षणभर कुठलंही पोर दिसलं असतं. उमादेवीला जे दिसायचं ते दिसलं. तिने दाराची चौकट धरली आणि तो भास जाईपर्यंत वाट बघितली.

"व्हय टीचर," तो म्हणाला.

"ज्वारी हाय. बारीक दळ."

"व्हय."

"आणि ते तू लिव्हलेलं. मी चिडले. चिडणार न्हाई म्हटलं हुतं आणि चिडले. ते माझं चुकलं. शेंगाच्या चटणीचं बरोबर लिव्हलास, पण तो दोन दिवस न्हाई, चार दिवस बोलला न्हाई तुझ्याशी. घरी मला सांगायचा, त्याच्या पोटात माझी चटणी हाय म्हणून."

पोरगं हसायला गेलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. ते रडायला लागलं. पिठावर दोन ओघळ उठले. ईरण्णा आतून पुढे आला.

"ईरण्णा, अर्ज माघारी घ्या," उमादेवी म्हणाली. "मी सही करणार न्हाई."

"टीचर, पण तुमाला त्रास..."

"त्रास व्हतोच. नाव काढलं तरी व्हणारच. पण गावात कुणाला तरी ती हाक मारता यावी. माझ्या घरात आता मारायला कुणी न्हाई."

मल्लव्वा पदराआड हुंदके देत होती. उमादेवी तिच्याजवळ गेली, पण तिला हात लावला नाही. तेवढं तिला अजून जमणार नव्हतं.

"अक्का," ती म्हणाली, "तुझ्या जागी मी असते तर मी बी हसले असते. मोठ्यानं हसले असते. मला माहीत हाय." मल्लव्वाने पदर खाली घेतला नाही. तरी मान हलवली.

ईरण्णाने खटका लावला. गिरणी पुन्हा सुरू झाली, पीठ यायला लागलं. गरम डबा काखेत घेऊन उमादेवी निघाली. शाळेची पहिली घंटा व्हायला आली होती. आज हजेरी नावाने घ्यायची होती आणि अकराव्या नावाशी आवाज टिकेल की नाही, याची तिला खात्री नव्हती. शरणप्पाला काय सांगायचं हेही ठरलं नव्हतं. तो आता वेशीकडचाही रस्ता बदलेल कदाचित.

ती वेस ओलांडत होती तेव्हा मागे गिरणीच्या बाजूने हरिओम दप्तर घेऊन पळत आला. बायांनी त्याला वाटेतच सांगितलं असणार. तो गिरणीच्या दाराशी थांबला, आधी टीचर किती लांब गेल्यात ते त्याने बघितलं, आणि मग भीत भीत, पण पट्ट्याच्या वर आवाज काढून ओरडला, "ए चन्नवीर! चल की, शाळंला उशीर व्हायलाय!"

उमादेवीने पाठ फिरवली होती. तरी ती वळली. कळत असून वळली, त्या दिवशी वर्गात वळली होती तशीच. वळायची ही सवय आता जन्मभर जाणार नव्हती. ती जाऊ नये, असंच तिला वाटलं.